कालव्यापलीकडचा गोलकीपर

उत्तर जर्मनीतल्या हिल्केनफेन गावात माणसं कमी बोलतात. सकाळी भेटा नाहीतर संध्याकाळी, ‘मोइन’ एवढं म्हटलं की भागतं. ‘मोइन मोइन’ असं दोनदा म्हणणारा वाचाळ समजला जातो. त्यामुळे ओको फ्रेरिक्स आपल्या सख्ख्या भावाशी बोलत नाही, हे गावाच्या ध्यानात यायलाच वर्ष-दीड वर्ष गेलं. ध्यानात आल्यावरही कुणी त्याला कारण विचारलं नाही. विचारायचं म्हणजे परत बोलणंच आलं.

ओको दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे निघून कालव्याच्या काठाकाठानं गोठ्यागोठ्यातलं दूध गोळा करायचं आणि डेअरीत नेऊन ओतायचं. रविवारी दुपारी कॉन्कॉर्डिया हिल्केनफेन या गावच्या फुटबॉल क्लबच्या बचावात उभं राहायचं. उभंच राहायचं, कारण ओको धावत नसे. चेंडू जिथं येणार तिथं तो आधीच जाऊन थांबलेला असे. चेंडू दुसरीकडे गेला तर ती चेंडूची चूक.

कॉन्कॉर्डिया म्हणजे लॅटिनमध्ये एकोपा. क्लब निघाला तो मात्र भांडणातून. गावातली व्यायामशाळा सुतारांची आणि दुकानदारांची होती. दलदलीत जळणाची माती कापणारे मजूर तिथं येऊन चेंडू खेळायचे आणि खिडक्यांच्या काचा फोडायचे. त्यांना एक दिवस बाहेर काढलं. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात आपला वेगळा क्लब काढला आणि नाव सुचवायला शाळेच्या मास्तरांना गाठलं. मास्तर होते व्यायामशाळेच्या बाजूचे. त्यांनी टोमणा म्हणून हे नाव दिलं. नावाचा अर्थ कळेपर्यंत सगळ्या सदऱ्यांवर भरतकाम होऊन गेलेलं होतं. भरलेलं उसवायला बायका तयार होईनात, तेव्हा एकोपा तर एकोपा.

मैदान केलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ओकोचा बाप हाब्बो आणि त्याच्यासारखे जे धडधाकट परत आले, त्यांनी दलदलीचा एक तुकडा भराव घालून बुजवला. दलदलीला ते पूर्णपणे पटलं नाही. पावसाळी दिवसांत मैदान पायाखाली हलायचं, आणि आपटलेला चेंडू उसळी न घेता तिथंच बसायचा. कालव्याकडच्या कोपऱ्यातून कॉर्नर मारणाऱ्याचे घोटे पाण्यात असत. चेंडू कालव्यात गेला की काढायला लांब बांबूला बांधलेली मासे पकडायची जाळी कायम गोलच्या मागे ठेवलेली असे. बाहेरचे संघ पहिल्या अर्ध्या तासात थकून जात. कॉन्कॉर्डियाचे खेळाडूही थकत, पण त्यांना सवय होती. या मैदानाच्या जोरावर क्लबनं एकदा लीगमध्ये तिसरा नंबर काढला. त्याचा फोटो क्लबघरात बिअरच्या नळाच्या वर लावलेला आहे. नंतरही फोटो काढता आले असते, पण तसं काही घडलं नाही.

ओको थोरला, मेन्नो धाकटा. लहानपणापासून दोघांचा खेळ एकच: मेन्नोनं गोठ्याच्या मोठ्या दारासमोर उभं राहायचं आणि ओकोनं चेंडू मारायचा. शाळेतून आल्यावर आईनं जेवायला हाक मारेपर्यंत. म्हशीसारख्या थोराड गाई आत दचकून दूध चोरायच्या आणि हाब्बो दोघांनाही बदडायचा. तेवढ्यावरून मेन्नो गोलकीपर झाला. चांगला झाला. एम्डेन शहरातल्या क्लबची माणसं एकदा त्याला बघायला येऊन गेली. त्या दिवशी मैदानावर इतकं धुकं होतं की त्यांना मेन्नो दिसलाच नाही. ती परत आली नाहीत.

कालव्याच्या पलीकडे उटवार्फ. मध्ये एक उचलता पूल. उटवार्फची माणसं दिसायला, बोलायला, खायला-प्यायला हुबेहूब हिल्केनफेनसारखी, म्हणूनच दोन्ही गावांना एकमेकांची तोंडं बघवत नसत. उटवार्फचाही क्लब होता. त्याचे अध्यक्ष रेमर टामेन. त्यांची वीटभट्टी होती आणि गेशे नावाची मुलगी होती. मेन्नो एका उन्हाळ्यात नेमबाजांच्या जत्रेत गेशेबरोबर नाचला. हिवाळ्यात त्यांचं ठरलं. वसंतात लग्न झालं आणि मेन्नो पलीकडे राहायला गेला. भट्टीवर त्याला काम मिळालं. सासऱ्यानं एकच अट घातली, की जावयानं रविवारी आपल्या गावाच्या गोलमध्ये उभं राहायचं.

मेन्नो ओकोला सांगायला आला तेव्हा ओको टँकर धूत होता.

“मी उटवार्फकडून खेळणार आहे,” मेन्नो म्हणाला.

ओकोनं पाइप खाली ठेवला. “बरं.”

“सासरे ऐकत नाहीत.”

“बरं.”

“राग आला?”

“नाही,” ओको म्हणाला, आणि खरंच आला नव्हता. बायको पलीकडची म्हटल्यावर माणूस पलीकडे जाणारच. त्यानं एवढंच विचारलं, “पेनल्टी कोण मारतं त्यांच्याकडे?”

“सांगणार नाही,” मेन्नो म्हणाला. दोघं हसले. नंतरच्या चोवीस वर्षांत ते एकत्र हसले नाहीत.

त्या शरद ऋतूत दोन्ही गावांचा सामना हिल्केनफेनमध्ये झाला. पुलावरून उटवार्फ सगळं आलं. घरी थांबली ती आजारी माणसं आणि गाई. सामना संपत आला तरी गोल नव्हता, आणि मग कॉन्कॉर्डियाला पेनल्टी मिळाली. पेनल्टी ओकोच मारायचा. जन्मभर तो डाव्या कोपऱ्यात खाली मारत आला होता, आणि हे ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं तो समोर गोलमध्ये उभा होता. ओको चेंडू ठेवताना विचार करू लागला. मेन्नोला डावं ठाऊक आहे, तेव्हा उजवीकडे मारावं. पण हा विचार आपण करणार हेही त्याला ठाऊक असणार. मग डावीकडेच मारावं. पण तेही… ओकोला इतका विचार करायची सवय नव्हती. पंचानं शिट्टी वाजवली आणि त्यानं अंगातल्या सगळ्या ताकदीनं उजवीकडे हाणला.

मेन्नोही उजवीकडेच झेपावला. चेंडू त्याच्या अंगावर आदळून थेट कालव्यात गेला. उटवार्फच्या बाजूनं जी आरोळी उठली, तिनं पुलावरचे बगळे उडाले. मेन्नो चिखलात आडवा पडला होता. त्यानं मान वर करून भावाकडे पाहिलं आणि दात विचकले.

भाऊ आपल्याला हसला, सगळ्या उटवार्फच्या देखत हसला, हे ओकोनं पाहिलं. तो वळला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. सामना शून्य-शून्य सुटला. मेन्नो त्या संध्याकाळी क्लबघरात आला नाही, सासऱ्याच्या गाडीत बसून सरळ गेला. ओकोच्या मनात तेही जमा झालं.

दोघांच्या अबोल्यात आरडाओरडा असा कधी झाला नाही. ओको रोज उटवार्फमधूनही दूध उचलायचा, त्यामुळे दोघं रस्त्यात भेटत. ओको टोपीला बोट लावायचा, मेन्नोही लावायचा. तोंडानं ‘मोइन’ म्हणत नसत, एवढाच काय तो फरक. मेन्नोला मुलं झाली, ओकोनं भेटवस्तू बायकोबरोबर पाठवली. ओकोची बायको विब्के कालव्यापलीकडे मनात येईल तेव्हा जाई. ती आणि गेशे या जावा दर गुरुवारी एकत्र बसून लोकरीचं विणत. नवऱ्यांबद्दल त्या काय बोलत ते कळायला मार्ग नाही, पण विब्के परत आली की दोन दिवस ओकोकडे बघून मान हलवत असे.

रविवारी दोघं आईकडे चहाला जात. आधी ओको. तो गेला की मेन्नो. किटली तीच, शेगडीवर तशीच ठेवलेली. खडीसाखर कपात घालायची, वर चहा ओतायचा, ती तडकल्याचा आवाज ऐकायचा, मग काठानं साय सोडायची आणि न ढवळता प्यायचं. तीन कप. ओको तिसरा कप पिऊन, आता पुरे या खुणेचा चमचा कपात ठेवायचा, पुलाकडून मेन्नोची सायकल दिसायची, आणि ओको मागच्या दारानं निघायचा.

“तो येतोय,” आई म्हणायची.

“दिसला.”

“थांब की.”

“जातो. गाईंची वेळ झाली.” ओकोकडे गाई नव्हत्या.

एकदा त्यानं विचारलं होतं, “तो माझ्याबद्दल काही बोलतो का?”

“माझ्या घरी चहा मिळतो,” आई म्हणाली. “निरोप मिळत नाहीत. हवं असेल तर अर्धा तास थांब आणि स्वतः विचार.”

तो थांबला नाही. आई गेली तेव्हा तिची शवपेटी दोघांनी पुढून उचलली, एक डावीकडे, एक उजवीकडे. पायात पाय न अडकता सारख्या पावलांनी दोघं दफनभूमीपर्यंत चालले. पाद्री नंतर म्हणाले की इतकी सरळ गेलेली शवपेटी त्यांनी पाहिली नव्हती. दुसऱ्या रविवारपासून चहाही बंद झाला.

वर्षं गेली. पोरं शिकून ब्रेमेनला, हँबुर्गला गेली. काही गाडीच्या कारखान्यात रात्रपाळीला लागली आणि रविवारी झोपू लागली. कॉन्कॉर्डियाचा दुसरा संघ आधी मोडला, मग पहिला खिळखिळा झाला. अशात ओको अध्यक्ष झाला. वार्षिक सभेत ‘अध्यक्षपदासाठी कोण उभं राहतंय’ असं विचारलं, त्याच वेळी ओकोनं मागं बसलेल्याला खिडकी लाव म्हणून हात वर करून खूण केली. टाळ्या झाल्या. एकदा वर गेलेला हात खाली घेणं त्याला बरं वाटलं नाही. पलीकडे रेमर टामेन थकले आणि त्यांची खुर्ची जावयाकडे गेली. एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ असे समोरासमोरच्या क्लबांचे अध्यक्ष झाले.

मग तो हंगाम आला, ज्यात कॉन्कॉर्डियाकडे आठ खेळाडू उरले आणि उटवार्फकडे सात. सात आणि आठ पंधरा, हे दोन्ही गावांना मनातल्या मनात कळत होतं. दोन्ही संघ मिळून एक करावा लागणार होता, आणि त्याची बोलणी अध्यक्षांनीच करायला हवी होती.

बैठक पुलाजवळच्या खानावळीत ठेवली. टेबलाच्या एका बाजूला ओको, दुसऱ्या बाजूला मेन्नो. विब्के आणि गेशे मध्ये. दोन्ही क्लबांची बाकीची मंडळी भिंतीला टेकून उभी. बराच वेळ सगळ्यांनी कोबीच्या पाल्याची भाजी आणि सॉसेज खाल्लं. शेवटी ओकोनं रुमालानं तोंड पुसलं.

“विब्के, त्याला विचार, सामने कुणाच्या मैदानावर होणार.”

“तो समोर बसलाय, ओको.”

“दिसतंय मला. म्हणून तर विचार म्हणतोय.”

“विब्के,” मेन्नो म्हणाला, “त्याला सांग, त्यांच्या मैदानात बदकं पोहतात.”

“ऐकलं त्यानं.”

“त्याला सांग, बदकं तरी येतात,” ओको म्हणाला. “उटवार्फचा सामना बघायला कोण येतं?”

गेशेनं काटा ताटात आपटला. “देवानं दोघांना मिळून एकच डोकं दिलंय,” ती म्हणाली, “आणि तेही आज घरी विसरून आलेत. अर्धा हंगाम इकडे, अर्धा तिकडे. पुढे बोला.”

पुढे नावाचं निघालं. कुठल्या गावाचं नाव आधी? यावर मंडळी इतका वेळ गप्प बसली की खानावळवाल्यानं येऊन दिवे ठीक आहेत ना ते बघितलं. अखेर दोन्ही गावांची नावं वगळून संघाचं नाव ‘पूल’ ठेवलं. हिल्केनफेनचे सदरे लाल, उटवार्फचे निळे. म्हणून नवे सदरे करडे घ्यायचे ठरले. करडा कुणालाच आवडला नाही, त्यामुळे कुणाची तक्रार राहिली नाही. अध्यक्ष कोण, यावर दोघांपैकी एकही मागं हटेना, तेव्हा दोन अध्यक्ष नेमले. विब्केला त्या दिवशी घसा बसेपर्यंत बोलावं लागलं. घरी जाताना ती म्हणाली, “पुढच्या वेळी मी फ्रेंचांकडे दुभाषी म्हणून जाईन. त्यांची भाषा तरी वेगळी आहे.”

पहिल्या हंगामात ‘पूल’ हरत गेला. नोव्हेंबरात फ्लूची साथ आली आणि एका रविवारी सामन्याच्या वेळेला, हिल्केनफेनच्या मैदानावर, नऊच जण कपडे बदलून उभे राहिले. त्यात गोलकीपर नव्हता. दोन्ही अध्यक्ष सॉसेजच्या शेगडीजवळ, शेगडी मध्ये ठेवून उभे होते. दोघांची खेळाडू म्हणून नोंदणी अजून चालू होती, कारण ती बंद करायची म्हणजे कुणालातरी फोन करावा लागला असता.

गेशे आली. “नऊ पोरं मैदानात आणि दोन रेडे इथं खातायत,” ती म्हणाली. “ठेवा ते खाली.”

“माझं वय बावन्न आहे,” ओको म्हणाला.

“तुझं कधी धावण्यावाचून अडलं होतं?” विब्के म्हणाली.

मेन्नोनं हातमोजे मागितले. ओकोनं कुणाचे तरी बूट घातले. अशा रीतीनं दोघं भाऊ चोवीस वर्षांनी एका संघात आले, एक गोलमध्ये आणि दुसरा बरोबर त्याच्या पुढ्यात.

गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं, म्हणून त्यानं ओरडून बचाव हलवायचा असतो. मेन्नो ओरडायचा. पण ओकोला नाही. डाव्या बाजूला ट्यार्क नावाचा बेकरीवाला खेळत होता, सगळी हाक त्याला.

“ट्यार्क! त्या मधल्याला सांग, दोन पावलं मागं ये!”

“ओको, दोन पावलं मागं!”

“ट्यार्क, त्याला सांग,” ओको म्हणायचा, “त्यांचा पुढचा मला दिसतोय, मी इथंच ठीक आहे.”

“मेन्नो, तो म्हणतो—”

तोवर गोल झालेला असायचा. मध्यंतराला स्कोअर तीन-शून्य होता. ट्यार्क पाणी पिताना म्हणाला, “मी पहाटे दोनला उठून पाव भाजतो. एवढं मी आठवडाभरात बोलत नाही.”

उत्तरार्धात ‘पूल’ला एक कॉर्नर मिळाला आणि ट्यार्क, बहुधा मुद्दामच, पुढे निघून गेला. कॉर्नर वाया गेला. समोरच्या बचाववाल्यानं चेंडू आभाळात भिरकावला. तो लांब, उंच, दलदलीवरच्या वाऱ्यानं हेलकावे खात थेट ‘पूल’च्या गोलकडे येऊ लागला. ओको त्याच्यावर नजर ठेवून मागं मागं सरकत होता. मेन्नो गोल सोडून पुढे धावत होता. दोघांच्या मध्ये निरोप द्यायला कुणी नव्हतं.

“ओको!” मेन्नो ओरडला. “सोड!”

चोवीस वर्षांत त्या तोंडून आपलं नाव ओकोनं ऐकलं नव्हतं. तो होता तिथं थबकला आणि मागं वळून पाहू लागला. चेंडू त्याच्या पाठीवर पडला, तिथून गोलकडे वळला, आणि धावत येणारा मेन्नो ओकोवर आदळला. ओकोचं कोपर त्याच्या छातीत बसलं. चेंडू सावकाश, चिखलातून वाट काढत, रेषेपलीकडे गेला.

मेन्नो खाली पडला होता. त्यानं मान वर केली आणि दात विचकले.

ओको त्याच्यावर वाकला. “हसतोस काय?” तो म्हणाला. चोवीस वर्षांत त्यानं भावाला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द.

मेन्नोनं मान हलवली. बोलता येईना. त्यानं छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आलं होतं, दात तसेच. “हसत… नाहीये,” तो कसाबसा म्हणाला. “श्वास…”

ओको त्याच्याकडे बघत राहिला. तेच तोंड. तेच दात. त्याच चिखलात.

“तेव्हा पण?” त्यानं विचारलं.

“तेव्हा कधी?”

“पेनल्टी.”

मेन्नो उठून बसला, आणि हळूहळू त्याचा श्वास जाग्यावर आला. “पेनल्टी? तुझा चेंडू बरगडीत बसला होता. तडा गेला होता. मला रात्री आडवं होता येत नव्हतं.” मग तो थांबला. “तुला वाटलं मी हसलो?”

“हो.”

“आणि म्हणून?”

“हो.”

“मला वाटलं, मी पलीकडे गेलो म्हणून.”

“त्याचा राग नव्हता. तेव्हाच सांगितलं होतं तुला.”

“हो, सांगितलं होतंस,” मेन्नो म्हणाला. दोघंही विचारात पडले.

“मग तू का नाही बोललास?” ओकोनं विचारलं.

“तू बोलत नव्हतास.”

पंच येऊन उभा राहिला होता. तो आउरिखहून आलेला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. “खेळ चालू करायचा का,” त्यानं विचारलं, “की तुमचं अजून आहे?”

“झालं,” दोघं म्हणाले.

सामना सात-शून्यनं गेला. पण शेवटचे तीन गोल झाले तेव्हा बचावात इतका गोंगाट होता की समोरच्या संघानं पंचाकडे तक्रार केली.

कपडे बदलायच्या खोलीत ओको एक बूट काढून, एक तसाच ठेवून बसला. विब्के त्याला बघायला आली. त्यानं तिला सगळं सांगितलं. हसण्याचं त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. ती दारात उभी राहून ऐकत होती.

“बरगडीचं सगळ्या उटवार्फला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “मलाही होतं. तुझ्या आईनंच पट्टी बांधली त्याला.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलं नाहीस. आम्हाला काय माहीत तुझ्या डोक्यात हसणं आहे म्हणून?”

ओकोनं मान खाली घातली. आईच्या घरातली ती किटली, मागचं दार, नसलेल्या गाई, सगळं त्याच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं. अर्धी गोष्ट आईकडे होती आणि अर्धी त्याच्याकडे. एका टेबलावर, खडीसाखरेच्या भांड्याच्या दोन बाजूंना, इतकी वर्षं. रविवारमागून रविवार तो तिसऱ्या कपानंतर उठून गेला होता. विब्केनं खाली बसून त्याचा दुसरा बूट काढला.

दुसऱ्या दिवशी दुधाची फेरी संपवून त्यानं टँकर पुलावरून नेला आणि मेन्नोच्या दारात उभा केला. वीटभट्टीच्या मागच्या त्या गल्लीत टँकर मावत नव्हता. कुंपणाचा एक खांब गेला. गेशेनं खिडकीतून पाहिलं आणि पाणी उकळायला ठेवलं.

“मोइन,” ओको म्हणाला.

“मोइन,” मेन्नो म्हणाला. त्याच्या छातीला पट्टी होती.

पहिला कप खडीसाखर तडकल्याचा आवाज ऐकण्यात गेला. दुसऱ्या कपाला मेन्नो म्हणाला, “चेंडू सोडायला हवा होतास.”

“सोडलाच होता मी. पाठीनं सोडला नाही.”

“पाठ कुणाची?”

“हाक इतक्या उशिरा मारतात का?”

“उशिरा!” मेन्नो टेबलावर हात टेकून उठायला गेला आणि बरगडी धरून परत बसला. तिसरा कप झाला, चौथाही झाला. तो तिथल्या रीतीला सोडून होता. अंधार पडायच्या आत डेअरीतून फोन आला की टँकर कुठं आहे.

हंगाम संपला तेव्हा ‘पूल’ तळाला होता. त्याखाली लीगच नसल्यामुळे त्यांना खाली उतरवता आलं नाही. पुढेही असंच चालत राहिलं. एखाद्या वर्षी चार सामने जिंकले, एखाद्या वर्षी एक. मेन्नोचा खुब्याचा सांधा बदलावा लागला. मग गोलच्या मागे बागेतली एक खुर्ची टाकून तो बसू लागला आणि नव्या गोलकीपरला काय करायचं ते ओरडून सांगू लागला. ओको शेजारी उभा राहून त्यातलं कुठलं चूक आहे ते सांगायचा. गोलकीपर बिचारे टिकत नसत. ‘पूल’कडे गोलकीपर का राहत नाहीत, यावर दोन्ही अध्यक्षांनी एकदा बैठकही घेतली. कारण काही सापडलं नाही.

बारा वर्षं अशी गेली. मग एका मार्चमध्ये मेन्नो सकाळी सायकल काढताना अंगणात कोसळला आणि दुपारपर्यंत गेला. त्या रविवारी सामन्याआधी खेळाडू मधल्या वर्तुळात हात धरून उभे राहिले. मौनाचं मिनिट संपलं असं वाटून पंचानं शिट्टी तोंडात घातली, तेव्हा ओकोनं हात वर केला. या वेळी खिडकीसाठी नव्हता. पंच थांबला. वारा मैदानावरून पाण्यासारखा वाहत होता, ट्यार्कनं डोळे पुसले, कालव्यातून एक नाव जाईस्तोवर सगळे तसेच उभे राहिले. मग ओकोनं हात खाली घेतला आणि खेळ सुरू झाला.

उटवार्फच्या बाजूचं अध्यक्षपद रिकामं झालं होतं. मे महिन्यात सभा भरली. नावं विचारली तसे सगळे पुरुष आपापल्या बिअरकडे बघू लागले.

“मी होते,” गेशे म्हणाली.

क्लबला आजवर बाई अध्यक्ष नव्हती, असं कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

“दोन बाप्ये अध्यक्ष होते, ते आपण बघितलं,” विब्के म्हणाली. “हात वर करा.”

हात वर झाले. गेशे खुर्चीत बसली, चष्मा लावला, आणि पहिल्या सभेतच सॉसेजवाला बदलला, मुलींचा संघ काढायचं ठरवलं आणि बदकांच्या कोपऱ्यात दगडगोटे भरून घ्यायला सांगितले. मग ती आपल्या जोडीच्या अध्यक्षाकडे वळली.

“ओको, गोलची जाळी फाटलीय. शनिवारी शिवायला ये. आणि सुई मी देते, तुझी आणू नकोस.”

ओकोला जाळ्या शिवायचा अनुभव होता आणि त्यावर त्याचं स्वतःचं मतही होतं.

“बरं,” तो म्हणाला.